तेलाला वारा लागू देऊ नका

लासलगावच्या माणसाला कांदा कसा ठेवावा हे सांगायला जाणे म्हणजे माशाला पोहायला शिकवणे होय. इथली बाजार समिती 1947 साली स्थापन झाली, आणि तेव्हापासून किती पिढ्यांचे हात या मालात मुरले आहेत! उन्हाळ कांदा काढायचा, पातीखाली झाकून सुकवायचा, मान कापायची, प्रतवारी करायची आणि मग चाळीत भरायचा. चाळ जमिनीपासून उंच हवी, तिला बाजूंनी फटी हव्यात, खालून वरून वारा खेळता हवा. वारा मिळाला तर कांदा महिनोन्‌महिने टिकतो, वारा कोंडला तर पहिल्या पावसातच चाळीतून वास सुटतो. एक सडका कांदा आत राहिला तर तो शेजारच्या चारांना घेऊन जातो, हेही आपण जाणतो.

आज मला ज्या वस्तूविषयी बोलायचे आहे, तिचा स्वभाव नेमका याच्या उलट आहे. तिला वारा नको, ऊन नको आणि उजेडसुद्धा नको. ती वस्तू आपल्या प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात आहे, शाळेच्या खिचडीत आहे, अंगणवाडीच्या कपाटात आहे. ती म्हणजे खाण्याचे तेल. त्यातही ज्या तेलात कारखान्यात जीवनसत्त्व ‘अ’ मिसळलेले असते, ते तेल.

मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. रसायनशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. पण एकदा ऐन वैशाखात निफाड तालुक्यातल्या एका गावी गेलो असताना किराणा दुकानाच्या ओट्यावर तेलाच्या बाटल्यांची उतरंड मांडलेली पाहिली. दुपारचे ऊन थेट त्यांच्यावर पडत होते. मी सहज विचारले, “शेठ, या उन्हात कशाला ठेवल्या?” ते म्हणाले, “सर, उन्हात बाटली सोन्यासारखी चमकते. गिऱ्हाईक थांबतं.” परत आल्यावर ही गोष्ट आमच्या रसायनशास्त्राच्या सहकाऱ्यांना सांगितली. ते हसून म्हणाले, “सोनं चमकत असेल, पण आतला जिन्नस चाललाय.” त्यांच्याशी त्या दिवशी जे बोलणे झाले आणि त्यानंतर मी जे वाचले, त्याचे सार आज आपल्यापुढे ठेवतो.

आधी हा जिन्नस काय, ते पाहू. जीवनसत्त्व ‘अ’ शरीराला फार थोडे लागते, पण ते मिळाले नाही तर पहिला फटका डोळ्यांना बसतो. दिवेलागणीला मूल चाचपडू लागते, उंबऱ्याला अडखळते, ताटातला घास शोधू लागते. त्यालाच आपण रातांधळेपणा म्हणतो. पुढे डोळ्याचे बुबुळ कोरडे पडते, आणि वेळीच उपाय झाला नाही तर दृष्टी कायमची जाते. केवळ डोळेच नव्हे, गोवर आणि जुलाब यांच्याशी झुंजण्याची मुलाची ताकदही या जीवनसत्त्वावाचून कमी होते.

हे जीवनसत्त्व तेला-तुपात विरघळते, पाण्यात विरघळत नाही. म्हणून निसर्गाने ते लोणी, दूध, अंड्याचा बलक आणि यकृत यांत ठेवले आहे. हिरव्या पालेभाज्या, गाजर, पपई, आंबा यांत त्याचे पूर्वरूप असते, ज्याला कॅरोटीन म्हणतात. त्याचे आपले शरीर जीवनसत्त्व ‘अ’ बनवते. आपल्या कांद्यात मात्र ते जवळजवळ नाही. कांद्याच्या हिरव्या पातीत आहे, पण पात आपण शेतातच टाकून देतो!

लोण्यातले हे सत्त्व ताटातून गेले की काय होते, याचा धडा डेन्मार्क देशाने पहिल्या महायुद्धाच्या काळात जगाला दिला. तिथले लोणी चांगल्या भावाने परदेशी जाऊ लागले. गरिबाच्या मुलांच्या वाट्याला साय काढलेले दूध आणि वनस्पती तेलापासून केलेले मार्गारीन उरले. त्या मुलांत डोळे कोरडे पडण्याचा विकार वाढला. कोपनहेगनचे डॉक्टर कार्ल ब्लॉख यांनी त्याचा माग काढला, आणि लोणी व पूर्ण दूध पुन्हा ताटात आल्यावर विकार ओसरला. ज्यांच्या घरची सगळी धार सकाळी डेअरीला जाते आणि मुलाला कोरा चहा मिळतो, त्यांनी ही डेन्मार्कची गोष्ट जरा थांबून ऐकावी.

यातून एक साधा विचार निघाला. लोण्यातले सत्त्व गरिबाच्या तेला-तुपात बाहेरून घालता आले तर? आपल्या देशात 1953 पासून वनस्पती तुपात, ज्याला आपण सरसकट डालडा म्हणत आलो, जीवनसत्त्व ‘अ’ मिसळणे सक्तीचे झाले. 1970 साली लहान मुलांना दर सहा महिन्यांनी या जीवनसत्त्वाचा मोठा डोस पाजण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. अंगणवाडीत चमच्याने पाजतात ते पिवळसर औषध तेच. आणि 2018 साली अन्न सुरक्षा प्राधिकरणाने पोषकमूल्ये वाढवलेल्या अन्नाचे नियम ठरवले. त्यानुसार ज्या तेलावर निळ्या रंगात अधिकाचे चिन्ह आणि शेजारी इंग्रजी ‘एफ’ हे अक्षर असेल, त्या तेलाच्या प्रत्येक ग्रॅममध्ये 6 ते 9.9 मायक्रोग्रॅम जीवनसत्त्व ‘अ’ असले पाहिजे. त्याच्या जोडीला जीवनसत्त्व ‘ड’ही असते. मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग.

आपण म्हणाल, एवढ्याशा मात्रेने काय होणार? हिशोब करू. एखादी बाई दिवसाला 25 ग्रॅम तेल खाते असे धरा. त्यातून तिला 150 ते सुमारे 247 मायक्रोग्रॅम मिळतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2020 साली बाईसाठी दिवसाला 840 मायक्रोग्रॅमची शिफारस केली आहे. म्हणजे नुसत्या फोडणीतून गरजेचा जवळपास पाचवा हिस्सा, आणि मिश्रण भरपूर असेल तर तिसऱ्या हिश्शाच्या जवळ पोचणारा वाटा मिळतो. त्यासाठी वेगळे औषध घ्यावे लागत नाही, चव बदलत नाही, सवय बदलत नाही. पण एक अट आहे. कारखान्यात घातलेले सत्त्व फोडणीपर्यंत जिवंत राहिले पाहिजे.

आता ते घालतात कसे, हे पाहू. कच्चे पामतेल मूळचे शेंदरी-लाल असते. तो रंग कॅरोटीनचा. ते शुद्ध करताना रंग काढतात, वास काढतात, आणि वास काढण्यासाठी तेल दोनशे अंशांच्या वर तापवून त्यातून वाफ सोडतात. या साऱ्या खटाटोपात निसर्गाने दिलेले कॅरोटीन निघून जाते आणि हाती येते पांढुरके, स्वच्छ, पण त्या बाबतीत रिकामे तेल. त्यामुळे बाहेरून घालायचे जीवनसत्त्व शुद्धीकरण पूर्ण झाल्यावर आणि तेल थंड झाल्यावरच घालावे लागते. आधी घातले तर त्याचीही तीच गत होईल.

यासाठी वापरतात त्या द्रव्याचे नाव रेटिनिल पामिटेट. हे पिवळसर, घट्ट, तेलकट असे तीव्र मिश्रण असते. किती तीव्र? एक टन तेलाला, म्हणजे 15 किलोचे सुमारे 67 डबे भरतील एवढ्या तेलाला, ते साधारण 27 ग्रॅम पुरते! एका डब्याच्या वाट्याला अर्ध्या ग्रॅमपेक्षाही कमी, म्हणजे काही थेंब येतात. हे थेंब साऱ्या डब्यात सारखे पसरले पाहिजेत, नाही तर एका घराला दुप्पट आणि दुसऱ्याला शून्य. आपण लाडवांना वेलदोडा लावताना पूड आधी मूठभर रव्यात कालवतो आणि मग ती मूठ साऱ्या परातीत मिसळतो. कारखान्यातही तसेच करतात. तीव्र मिश्रण आधी थोड्या कोमट तेलात कालवतात, आणि ते तेल मग मोठ्या टाकीत सोडून बराच वेळ ढवळतात. ढवळताना हवा आत ओढली जाऊ नये म्हणून टाकीतल्या मोकळ्या जागेत नत्रवायू भरतात. टाक्या आणि नळ बिनगंजी पोलादाचे ठेवतात. तांबे-पितळ तेलाजवळ येऊ देत नाहीत.

इतकी काळजी कशासाठी? याचे उत्तर या जीवनसत्त्वाच्या घडणीत आहे, आणि मला तरी ते फार नवलाचे वाटले.

जीवनसत्त्व ‘अ’ म्हणजे कार्बनच्या अणूंची एक साखळी. तिच्यात एक दुवा एकेरी, पुढचा दुहेरी, पुन्हा एकेरी, पुन्हा दुहेरी अशी रचना असते. ही रचना उजेड झेलण्यात तरबेज आहे. आपल्या डोळ्याच्या पडद्यात या जीवनसत्त्वाचेच एक रूप प्रथिनाला चिकटून बसलेले असते. उजेडाचा कण त्यावर पडला की त्याची वाकलेली साखळी सरळ होते, आणि त्या हालचालीतून मेंदूला खबर जाते की काहीतरी दिसले. या शोधाबद्दल जॉर्ज वॉल्ड यांना 1967 सालच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. डोळ्यात त्या साखळीला पुन्हा पूर्ववत करणारी यंत्रणा असते. तेलाच्या बाटलीत ती नसते. तिथे उन्हातले किरण झेलून साखळी बदलते, तुटते, आणि तिला जोडणारे कोणी नसते. ज्या गुणामुळे हे सत्त्व आपल्याला उजेड दाखवते, त्याच गुणामुळे उजेड त्याचा वैरी ठरतो.

दुसरा वैरी हवेतला प्राणवायू. दुहेरी दुवा ही प्राणवायूची आवडती जागा. तेलाच्या स्वतःच्या अणुसाखळ्यांतही असे दुवे असतात. प्राणवायू तिथे शिरला की पेरॉक्साइड नावाची द्रव्ये बनतात. ही द्रव्ये गप्प बसत नाहीत. एक फुटले की त्याचे तुकडे शेजारच्या साखळ्यांवर तुटून पडतात, त्या शेजाऱ्यांतून आणखी पेरॉक्साइड बनतात, आणि ही लागण पसरत जाते. चाळीतल्या सडक्या कांद्यासारखाच हा प्रकार आहे. या धुमाळीत जीवनसत्त्व ‘अ’ लवकर सापडते, कारण ते तेलापेक्षा नाजूक. तेल शेवटी खवट होते ते याच लागणीमुळे. म्हणून जाणकार सांगतात की जुनाट, पेरॉक्साइड वाढलेल्या तेलात कितीही चांगले जीवनसत्त्व घाला, ते टिकणार नाही. तेल मुळात ताजे हवे. ही लागण थोपवण्यासाठी काही रक्षक द्रव्येही घालतात. सूर्यफुलाच्या तेलात जीवनसत्त्व ‘ई’ मुळातच असते, तेही असेच रक्षक आहे. प्राणवायूपुढे ते आधी आपला बळी देते आणि बाकीच्यांना वाचवते. पण रक्षकांची शिबंदी मर्यादित असते. ती संपली की किल्ला पडतो.

तिसरा वैरी उष्णता. साधारण हिशोब असा की दर दहा अंशांनी अशा नासाडीचा वेग दुपटीच्या आसपास जातो. माजघरात 25 अंश आणि पत्र्याच्या गोदामात 45 अंश असतील, तर गोदामात तेल चौपट वेगाने म्हातारे होते. आपल्याकडे डिसेंबरात निफाडची थंडी वर्तमानपत्रात गाजते खरी, पण एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली काय भट्टी पेटते ते आपण जाणतोच.

चौथा वैरी धातू. तांबे आणि लोखंड यांचा लवलेशही ही लागण भडकवतो, आणि त्यात तांबे अधिक वाईट. पितळेतही तांबेच असते. आपल्या आज्या पितळी भांड्याला कल्हई लावल्याशिवाय त्यात आंबट ठेवत नसत, तेलाची आणि लोणच्याची बरणी चिनी मातीची असे, आणि ती माजघरातल्या अंधाऱ्या कोनाड्यात झाकण लावून बसे. त्यांना पेरॉक्साइड ठाऊक नव्हते. पण अपारदर्शक भांडे, घट्ट झाकण, गार जागा आणि धातूला सुट्टी, हे चारही नियम त्या पाळत होत्या.

आता तेलाच्या प्रवासाकडे वळू. हा प्रवास लांबचा असतो. परदेशातून आलेले कच्चे तेल बंदरावर उतरते, शुद्धीकरणाच्या कारखान्यात जाते, तिथे जीवनसत्त्व मिळते, डबे-बाटल्या-पिशव्या भरतात, मालमोटारीतून घाऊक व्यापाऱ्याकडे, तिथून किरकोळ दुकानात आणि शेवटी घरात. कारखान्यात मोजमाप आहे, तपासणी आहे, पोलादी टाक्या आहेत. वाटेत काही घट होईल हे धरून कारखाने नियमाच्या मर्यादेत थोडे जास्तच मिसळतात. ब्राझीलमधील संशोधकांनी 1990 च्या सुमारास सोयाबीनच्या तेलावर प्रयोग केले. त्यांना दिसले की सीलबंद पत्र्याच्या डब्यात, म्हणजे अंधारात आणि हवेविना, हे जीवनसत्त्व महिनोन्‌महिने फारसे कमी होत नाही. अर्थ असा की ते मुळात टिकू शकते. त्याची नासाडी बहुतेक वेळा सील फुटल्यावर किंवा पारदर्शक बाटली उन्हात मांडल्यावर होते. आणि ती आपल्याच गावात, आपल्याच हाताखाली होते.

आणखी एक अडचण अशी की ही नासाडी दिसत नाही. कांदा सडला तर नाक सांगते. तेलातले जीवनसत्त्व गेले तर तेल तसेच चमकते, तसाच वास, तशीच चव. खवटपणा नाकाला जाणवतो तोवर जीवनसत्त्वाचा बराचसा भाग निघून गेलेला असतो. प्रयोगशाळेत रसायन टाकून उठणाऱ्या निळ्या रंगावरून ते ओळखतात. घरी ओळखण्याचा मार्ग नाही. म्हणून इथे परीक्षेवर नव्हे, तर शिस्तीवर भरवसा ठेवावा लागतो.

शिक्षक बंधुभगिनींनो, आता मी खास आपल्याशी बोलतो. शाळेच्या पोषण आहारात प्राथमिकच्या मुलाला रोज 5 ग्रॅम आणि उच्च प्राथमिकच्या मुलाला 7.5 ग्रॅम तेल ठरलेले आहे. पाच ग्रॅम तेलातून मुलाला किमान 30 मायक्रोग्रॅम जीवनसत्त्व ‘अ’ मिळावे. सात ते नऊ वर्षांच्या मुलाच्या रोजच्या गरजेचा हा सुमारे विसावा हिस्सा. वाटा लहानच, आणि लहान आहे म्हणूनच त्यात गळती परवडत नाही.

आता डब्याचा हिशोब करा. शंभर मुलांच्या प्राथमिक शाळेत रोज 500 ग्रॅम तेल लागते. पंधरा किलोचा डबा तीस शालेय दिवसांत संपतो. ठीक आहे. पण वस्तीवरच्या शाळेत वीसच मुले असतील तर? रोज 100 ग्रॅम. तोच डबा 150 शालेय दिवस चालेल! म्हणजे एकदा सील फोडलेला डबा पावसाळा, हिवाळा पाहत जवळजवळ सारे वर्ष काढील. डबा जसजसा रिता होईल तसतशी त्यात हवा वाढत जाईल, आणि शेवटच्या महिन्यांतल्या तेलात नाव जीवनसत्त्वाचे असेल, जीवनसत्त्व किती उरले असेल ते देव जाणे. श्रोतेहो, अर्थशास्त्राचा माणूस म्हणून मला इथे खरे दुखते. ज्या वस्तीवर भाजीवाला पोचत नाही, जिथे मुलांना या सत्त्वाची गरज सर्वांत जास्त, तिथेच डबा सर्वांत जास्त दिवस उघडा राहतो. यात कोणाची लबाडी नाही, कोणाचा दुष्टपणा नाही. हा फक्त डब्याच्या मापाचा दोष आहे, आणि तो दूर करण्यासारखा आहे.

उपाय असे. लहान शाळेने मागणी नोंदवताना शक्य तिथे एक लिटरच्या पिशव्या मागाव्यात. मोठा डबाच आला तर सील फोडल्याच्या दिवशीच तेल लहान, स्वच्छ, कोरड्या, अपारदर्शक, खाद्यपदार्थांसाठी असलेल्या कॅनमध्ये गळ्यापर्यंत भरून झाकणे घट्ट लावावीत. मग एका वेळी एकच कॅन उघडावा. भरलेल्या कॅनमध्ये हवेला जागा नाही, म्हणून लागणीलाही जागा नाही. डब्यावर आणि प्रत्येक कॅनवर उघडल्याची तारीख खडूने किंवा शाईने लिहावी. अंगणवाडीताईंना ही सवय आहेच. जीवनसत्त्व ‘अ’च्या औषधाच्या बाटलीवर त्या उघडल्याची तारीख लिहितात, ती उन्हापासून दूर ठेवतात आणि सहा ते आठ आठवड्यांत संपवतात. औषधाच्या बाटलीला जी शिस्त, तीच शाळेच्या तेलाला लावा. तेलाचा साठा चुलीशेजारी किंवा खिडकीत न ठेवता वर्गखोलीच्या अंधाऱ्या कपाटात ठेवावा. आधी आलेले आधी वापरावे. आणि जुन्या तेलाच्या तळावर नवे तेल कधीही ओतू नये. सडक्या कांद्यावर ताजा माल कोणी ओतत नाही. कॅन रिकामा झाला की गरम पाण्याने आणि साबणाने धुऊन, पूर्ण वाळवून मगच पुन्हा भरावा.

दुकानदार बंधूंनाही एक विनंती. बाटल्या खोक्यातच राहू द्या. मांडणीसाठी एखादी बाहेर काढा, तीही उन्हाकडे पाठ करून. पुठ्ठ्याचा खोका ही तेलाची छत्री आहे. पत्र्याच्या गोदामात तेलाच्या थप्प्या भिंतीपासून आणि छतापासून दूर, फळ्यांवर ठेवा. मालमोटारीतून माल आला तर तो ताडपत्रीखालून थेट सावलीत उतरवून घ्या, दुपारभर अंगणात राहू देऊ नका. सुटे तेल घेण्या-देण्याचा मोह दोघांनीही टाळावा. दिल्लीत 1998 साली भेसळीच्या मोहरी तेलाने जलोदरासारखी सूज येऊन माणसे दगावली, त्यानंतर तेल बंद वेष्टनातच विकण्याचा हुकूम त्याच वर्षी निघाला, तो उगाच नव्हे. सुट्या तेलात काय मिसळले आहे ते कळत नाही, आणि जे चांगले मिसळले होते तेही दर वेळी झाकण उघडताना उडत जाते.

घरच्या मायबहिणींना सांगायचे ते थोडेच आहे. खरेदी करताना चिन्हाबरोबर भरल्याची तारीख पाहा, महिन्याभरात संपेल एवढेच घ्या. रोजच्या वापराची बुधली लहान ठेवा आणि काचेची असली तर कपाटात ठेवा. चुलीच्या कट्ट्यावर झाकणाविना उघडी पळी बुडवून ठेवलेले भांडे म्हणजे चारही वैऱ्यांना एकदम आमंत्रण. फोडणीला, भाजीला, आमटीला वापरले तर जीवनसत्त्वाचा बराच भाग वाचतो. नासाडी खरी होते ती कढईत पुन्हा पुन्हा तापवलेल्या तळणाच्या तेलात. भजी-पुऱ्यांचे उरलेले तेल ताज्या डब्यात परत ओतण्याची काटकसर ही काटकसर नव्हेच. त्याने सारा डबा बाधतो.

शाळेत मुलांना हे पटवायचे असेल तर एक स्वस्त प्रयोग करा. दोन सारख्या काचेच्या बाटल्यांत एकाच तेलाचे अर्धे-अर्धे माप भरा. एक खिडकीत उन्हात ठेवा, दुसरी काळ्या कागदात गुंडाळून कपाटात ठेवा. दर शनिवारी मुलांना दोन्हींचा वास घ्यायला लावा आणि वहीत नोंद करायला सांगा. चव मात्र घेऊ देऊ नका. काही आठवड्यांनी खिडकीतली बाटली नाकाला सांगेल. मग मुलांना विचारा, “नाकाला आज कळले, मग जीवनसत्त्वाला कधी कळले असेल?” हा प्रश्न मूल घरी घेऊन जाईल आणि घरातली बुधली आपोआप कपाटात जाईल.

शेवटी एक सावधगिरी. तेलातले जीवनसत्त्व हे टेकू आहे, खांब नव्हे. शेवग्याचा पाला, मेथी, पालक, चाकवत, कांद्याची पात, गाजर, पिकली पपई, आणि परवडेल तसे दूध-अंडे, हे आहाराचे खांब. यांतल्या भाज्यांतले कॅरोटीन अंगी लागायलाही थोडे तेल लागतेच. बाळाला आरोग्य खात्याचा सहामाही डोस चुकवू नका. आणि घरच्या तेलात औषधाच्या गोळ्या फोडून घालण्याचा उद्योग कोणी करू नये. हे जीवनसत्त्व फाजील झाले तर अपाय करते, विशेषतः गर्भारपणी. मूल संध्याकाळी चाचपडताना दिसले तर तेलाच्या डब्याकडे नव्हे, सरळ आरोग्य केंद्राकडे जावे.

आपल्या लासलगावात 2002 पासून भाभा अणुसंशोधन केंद्राचे किरणप्रक्रिया केंद्र आहे. तिथे कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून त्यावर कोबाल्टचे किरण सोडतात. माल टिकवण्याची एवढी मोठी विद्या आपल्या दाराशी आली. तेलातले सत्त्व टिकवायला मात्र यंत्र लागत नाही. झाकण, सावली, लहान भांडे आणि डब्यावर लिहिलेली तारीख, एवढेच लागते. आज घरी किंवा शाळेत गेल्यावर तेलाचा डबा कुठे ठेवला आहे तेवढे एकदा पाहा, आणि तो उन्हात असेल तर उचलून आत ठेवा.